लीगमध्ये संघ वाढणार असतील तर तीन वर्षांच्या करारावर सही करावी का?

इंदापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न आहे. मुलगा २० वर्षांचा, डावा कोपरारक्षक (म्हणजे मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभा राहून चढाईपटूला पकडणारा बचावपटू), काही वर्षांपासून पुण्यातल्या क्लबकडून खेळतोय. एका व्यावसायिक कबड्डी लीगमधल्या संघाने त्याच्यापुढे करार ठेवलाय. पहिल्या वर्षी ४ लाख, दुसऱ्या वर्षी ४ लाख ४० हजार आणि तिसऱ्या वर्षी ४ लाख ८४ हजार, पण तिसरं वर्ष संघाची इच्छा असेल तरच. पुढच्या हंगामात लीग आठ संघांवरून बारावर जाणार अशी चर्चा आहे. आत्ता सही करावी, की संघ वाढेपर्यंत थांबावं?

मी पुण्यात वकिली करते आणि खेळाडूंचे करार वाचणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. माझं मत आधीच सांगते: सही करा, थांबू नका. मात्र तिसऱ्या वर्षाची ओळ आहे तशी ठेवून सही करू नका. संघ वाढले की खेळाडूंचा भाव वाढतो, हे खरं आहे. तो वाढलेला भाव मुलाला मिळणार की संघाला, हे त्या एका ओळीवर ठरणार आहे.

भाव का वाढतो, ते प्रो कबड्डीच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. २०१४ मध्ये आठ संघांनी सुरुवात झाली, तेव्हा सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०१६ च्या लिलावात मोहित छिल्लर ५३ लाखांवर गेला. २०१७ मध्ये गुजरात, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू असे चार संघ आले आणि नितीन तोमरवर उत्तर प्रदेशच्या संघाने ९३ लाखांची बोली लावली. पुढच्याच वर्षी मोनू गोयत दीड कोटीच्या पार गेला. लोकप्रियता वाढत होती, प्रक्षेपणाचा पैसा वाढत होता, हे आहेच. पण २०१७ च्या उडीमागे साधा हिशोबही होता. एका संघात किमान १८ खेळाडू धरले तरी चार संघांच्या ७२ नव्या जागा तयार झाल्या. प्रत्येक संघाकडे खर्चायला ४ कोटी होते. जुन्या संघांना जास्तीत जास्त एकच खेळाडू आपल्याकडे राखता आला, त्यामुळे जवळजवळ सगळे चांगले खेळाडू एकाच वेळी लिलावात उतरले. गिऱ्हाइकं वाढली आणि पैसाही वाढला. त्या वर्षी जो मोकळा होता त्याचं भलं झालं.

आता तुमच्या मुलाचा करार या हिशोबात बसवून बघा. संघ वाढले आणि त्याचा पहिला हंगाम चांगला गेला, तर बाजारात त्याला कदाचित दुप्पट भाव येईल. पण संघाकडे ४ लाख ८४ हजारांचा हक्क आधीच लिहून ठेवलेला असेल. उलट तो जखमी झाला किंवा खेळ घसरला, तर संघ तिसरं वर्ष सोडून देईल. म्हणजे चांगलं झालं तर फायदा संघाचा आणि वाईट झालं तर नुकसान मुलाचं. संघाने असा हक्क मागणं गैर नाही, शिकवण्यावर ते खर्च करतात. पण त्या हक्काची किंमत मोजली गेली पाहिजे, आणि तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ती शून्य आहे.

दुसरा हिशोब सामन्यांचा आहे, आणि तो फार थोडे पालक मांडतात. आठ संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर साखळीत एका संघाचे १४ सामने होतात. बारा संघ झाले की २२. मसुद्यात रक्कम हंगामाची आहे, सामन्याची नाही. पहिल्या वर्षी ४ लाखांना १४ सामने, म्हणजे सामन्यामागे साधारण साडेअठ्ठावीस हजार. दुसऱ्या वर्षी रक्कम दहा टक्क्यांनी वाढली तरी २२ सामन्यांत ती सामन्यामागे २० हजारांवर येते. तिसऱ्या वर्षी २२ हजार. वाढ दिसते ती कागदावर. प्रत्यक्षात मुलगा दीडपटीहून जास्त खेळेल आणि दर सामन्याला पहिल्या वर्षापेक्षा कमी घेईल. प्रो कबड्डीत हे घडलेलं आहे. २०१४ चा हंगाम जेमतेम पाच आठवड्यांचा आणि ६० सामन्यांचा होता, २०१७ चा तीन महिन्यांचा आणि १३८ सामन्यांचा. इतके दिवस घराबाहेर, इतका प्रवास आणि गुडघ्यांवर इतका भार.

मालक मंडळी हा हिशोब किती काटेकोर करतात याचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. २०१० मध्ये आयपीएल आठवरून दहा संघांवर नेली गेली, तेव्हा सहारा उद्योगसमूहाने पुण्याच्या संघासाठी ३७ कोटी डॉलरची बोली लावली. ती लावताना ९४ सामन्यांचा हंगाम गृहीत धरला होता. पुढे गटांची रचना बदलली आणि २०११ चा हंगाम ७४ सामन्यांचा झाला. घरच्या मैदानावरचे सामने कमी झाले म्हणजे उत्पन्न कमी झालं, तेव्हा फी कमी करा, ही मागणी सहाराने वर्षानुवर्षं लावून धरली. ती मान्य झाली नाही, आणि २०१३ मध्ये पुणे वॉरियर्सचा शेवट झाला त्यामागचं हे एक मोठं कारण. सामने घटले म्हणून मालक भांडतो, मग सामने वाढले तर खेळाडूने बोलू नये असं कुठे लिहिलंय? करारात एक ओळ मागा: साखळीतले सामने १४ पेक्षा जास्त झाले तर त्या प्रमाणात मानधन वाढेल. संघ खळखळ करेल, पण ही मागणी वाजवी आहे आणि बऱ्याचदा अर्धीमुर्धी तरी पदरात पडते.

गटांच्या फेररचनेबद्दल फार काळजी करू नका. प्रो कबड्डीने २०१७ मध्ये दोन विभाग केले, २०१९ मध्ये ते मोडून पुन्हा सगळ्यांना सगळ्यांशी खेळवलं. आयपीएलमध्ये २०२२ पासून पुन्हा दहा संघ दोन गटांत आहेत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामनेच येतात. खेळाडूच्या दृष्टीने बघायचं ते सामन्यांची संख्या, हंगामाचे दिवस आणि प्रवास.

आता तिसऱ्या वर्षाची ओळ. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात पान ७ वर इंग्रजीत जे लिहिलंय त्याचा अर्थ असा: तिसऱ्या हंगामासाठी करार वाढवायचा की नाही हे फक्त संघ ठरवेल, आणि खेळाडूची त्याला संमती आहे असं आत्ताच मानलं जाईल. संघाने केव्हापर्यंत कळवायचं याची तारीख नाही. ही त्रुटी रकमेइतकीच घातक आहे. लिलावासाठी नावनोंदणीची मुदत संपेपर्यंत संघ गप्प बसला, तर मुलगा ना त्या संघाचा राहतो ना दुसऱ्याच्या नजरेत येतो, आणि हंगाम हातचा जातो. अशी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांची घालमेलही पाहिली आहे.

यात तीन बदल मागता येतात. पहिली मागणी अशी ठेवा की तिसरं वर्ष दोघांच्या लेखी संमतीनेच वाढेल. ती मान्य झाली तर बाकी दोन नकोत. नाही झाली तर दुसरी: ‘कराराच्या मुदतीत लीगमधील संघांची संख्या वाढल्यास, तिसऱ्या हंगामाचं मानधन करारातील रक्कम किंवा त्या हंगामात खेळाडूच्या श्रेणीसाठी लीगने ठरवलेली मूळ किंमत, यांपैकी जी जास्त असेल ती राहील, आणि त्यावर अमुक टक्के वाढ मिळेल.’ ‘अमुक’च्या जागी आकडा घालून हे वाक्य जसंच्या तसं द्या, त्यांचा वकील त्याचं इंग्रजी करेल. पहिली मिळाली नाही, तर तिसरी मागणी कुठल्याही परिस्थितीत सोडू नका: लिलावाची नोंदणी बंद होण्याच्या किमान ३० दिवस आधी संघाने लेखी कळवलं पाहिजे, नाही तर तो हक्क आपोआप संपेल. हे नाकारायला कुठल्याही संघाकडे सांगण्यासारखं कारण नसतं.

‘लीगचा ठरलेला नमुना आहे, एक शब्दही बदलता येत नाही’ असं उत्तर येईल. मूळ नमुना बदलत नसेल तर सोबत पूरक पत्र मागा, दोघांच्या सह्यांचं. त्याचबरोबर लीगचे नियम मागा. जवळपास प्रत्येक करारात असं कलम असतं की करार आणि लीगचे नियम यांत विसंगती आली तर नियम वरचढ. किती खेळाडू राखायचे, कोणत्या रकमेला, नव्या संघांना आधी निवड मिळणार का, हे सगळं नियमांत असतं, करारात नसतं, आणि संघ वाढताना बदलतात ते नेमके हेच नियम. करार वाचला आणि नियम वाचलेच नाहीत, तर अर्धाच कागद वाचला.

नियमांत एक गोष्ट मुद्दाम शोधा: नव्या संघांना खेळाडू लिलावातून मिळणार की ठरावीक दराच्या निवडीतून. फरक केवढा पडतो ते पुण्यानेच पाहिलंय. चेन्नई आणि राजस्थान आयपीएलमधून दोन वर्षांसाठी बाहेर गेल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये पुणे आणि राजकोट या तात्पुरत्या संघांनी त्यांचे खेळाडू निवडले. पुण्याने धोनीला पहिल्या क्रमांकावर घेतलं, साडेबारा कोटींना. मग रहाणे साडेनऊ, अश्विन साडेसात, स्मिथ साडेपाच, आणि पाचव्या क्रमांकावर डु प्लेसी ४ कोटींना. या रकमा क्रमांकाच्या होत्या, खेळाडूच्या नव्हत्या. खुल्या लिलावात डु प्लेसीला किती मिळाले असते ते कुणीच सांगू शकणार नाही, कारण तो लिलावात उतरलाच नाही. तुमच्या लीगमध्ये अशी निवड होणार असेल तर नुसतं मोकळं राहून फायदा नाही, आणि मी ‘थांबू नका’ म्हणते त्याचं हे एक कारण आहे.

दुसरं कारण वयाचं. विशीतल्या कोपरारक्षकाला मॅटवर वेळ मिळणं, चांगला प्रशिक्षक मिळणं, हे पहिल्या करारातल्या लाखभर रुपयांपेक्षा मोठं आहे. पुणेरी पलटणकडे बघा. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ असं हरवून त्यांनी पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. कर्णधार अस्लम इनामदार, जोडीला मोहित गोयत, पंकज मोहिते. तरुण वयात आलेली ही पोरं संघाने सांभाळली, वाढवली आणि एकत्र ठेवली. लांबचा करार वाईटच असतो असं मी कधीच म्हणणार नाही. चांगल्या संघाबरोबरच्या लांबच्या कराराने मुलाचं आयुष्य उभं राहतं.

कायद्याचं थोडं बोलते, कारण ‘एकदा सही केली की अडकलो’ ही भीती तुमच्या पत्रात दिसली. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २७ सांगतं की कुणाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच कलम लावलं. त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीचा करार संपला होता, पण पुढचा कुठलाही करार आधी आम्हाला दाखवायचा, अशी अट कंपनी लादू बघत होती. मुदत संपल्यानंतर ती अट चालणार नाही असं न्यायालयाने सांगितलं. मुदतीच्या आतली गोष्ट मात्र वेगळी आहे. करार चालू असताना दुसरीकडे खेळणार नाही असं लिहून दिलं असेल तर ते बंधन साधारणपणे टिकतं. मनाविरुद्ध खेळायला न्यायालय कुणालाही भाग पाडत नाही, पण दुसऱ्या संघाकडून खेळण्यावर मनाई हुकूम येऊ शकतो. म्हणून करार किती वर्षांचा आहे याला एवढं महत्त्व. लीगच्या राखीव खेळाडूंच्या नियमांना कलम २७ च्या जोरावर आव्हान देता येईल का, हा वकिलांना आवडणारा वाद आहे. वीस वर्षांच्या मुलाने तो स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या उमेदीच्या वर्षांत लढू नये.

अमेरिकेत खेळाडू एकेकटे भांडत नाहीत. तिथल्या बेसबॉल मालकांनी करारातल्या एका कलमाच्या आधारे खेळाडूंना वर्षानुवर्षं बांधून ठेवलं होतं. खेळाडूंच्या संघटनेने ती तक्रार लवादापुढे नेली आणि डिसेंबर १९७५ मध्ये दोन गोलंदाज मोकळे झाले. तिथून सगळ्यांचाच मार्ग खुला झाला. आज तिथे नवा संघ आला की जुन्या संघांनी किती खेळाडू राखायचे, किमान मानधन किती, हे ठरवताना मालकांना खेळाडूंच्या संघटनेशी बोलावं लागतं. आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना आली, पण ती निवृत्त खेळाडूंची. खेळत असलेल्या मुलांच्या बाजूने टेबलावर कुणीच बसत नाही. मला ही गोष्ट मनापासून सलते. कबड्डी आणि खो-खोतली मुलं तर बहुतेक शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरची. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम बालेवाडीत झाला तेव्हा किती मुलांच्या हातात आयुष्यातला पहिला करार पडला असेल, आणि त्यातल्या किती जणांना तो वाचून दाखवणारं कुणी होतं?

संघ वाढतात तसे बंदही पडतात, आणि पुण्याइतका याचा अनुभव फार कमी शहरांना असेल. वॉरियर्स तीन हंगामांत संपला. धोनीला निवडणाऱ्या तात्पुरत्या संघाची, रायझिंग पुणेची, दोन वर्षं ठरलेलीच होती, २०१७ ची अंतिम लढत एका धावेने हरून तो संघ विसर्जित झाला. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादने घेतली, आणि मार्सेलिन्यो, निखिल पुजारी यांच्यासारखे खेळाडू तिकडे गेले. लीग घाईने वाढते तेव्हा नव्या मालकांपैकी एखादा कच्चा निघण्याची शक्यता धरूनच चालावं. पुण्याबरोबरच आयपीएलमध्ये आलेला कोचीचा संघ एकाच हंगामात बाद झाला. त्या संघाकडून खेळलेल्या ब्रॅड हॉजने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की दहा वर्षं झाली तरी खेळाडूंचे ३५ टक्के पैसे यायचे आहेत. त्याच संघाच्या मालकांच्या बाजूने लवादाने दिलेला ५३८ कोटींचा निवाडा २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवला. मालकांना निदान लढायची ताकद होती.

म्हणून पैशाचे हप्ते बघा. तुमच्या मसुद्यात निम्मी रक्कम हंगाम संपल्यावर ९० दिवसांत आहे. ती तिथून हलवा. शिबिराला हजर होताना चौथा हिस्सा, हंगाम चालू असताना निम्मी आणि शेवटचा चौथा हिस्सा अंतिम सामन्यानंतर ३० दिवसांत, अशी मांडणी मागा. संघ बुडाला, विकला गेला किंवा दुसऱ्या शहरात गेला तर काय, हे लिहून घ्या: नवा मालक करार आहे तसा चालवेल, किंवा मुलगा त्या दिवसापासून मोकळा, आणि तोवरच्या थकबाकीची जबाबदारी लीग घेईल. शेवटची अट लीग सहजासहजी मान्य करत नाही. पण संघाने लीगकडे बँक हमी दिलेली असेल तर तिच्यातून आधी खेळाडूंचे पैसे द्यावेत, एवढं तरी मागा. थकबाकीसाठी दिवाळखोरी कायद्याचा धाक दाखवता येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२० पासून त्याची मर्यादा १ कोटी आहे, चार लाखांसाठी ते दार बंद आहे. उरतो दिवाणी दावा किंवा लवाद. लवाद असेल तर ठिकाण पुणे किंवा मुंबई ठेवा, आणि ‘लवाद संघ नेमेल’ ही ओळ काढायला लावा. वादातल्या एकाच पक्षाने एकमेव लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच अमान्य केलं आहे, त्यामुळे त्यांचा वकील यावर फार ताणणार नाही.

दुखापतीचं कलम मी सर्वांत जास्त वेळ वाचते. कोपरारक्षकाचं काम म्हणजे घोट्याची पकड, डाईव्ह, आणि चढाईपटूच्या वजनाखाली गुडघा मुरगळणं. तुमच्या मसुद्यात ‘सामना खेळताना झालेली दुखापत’ एवढंच आहे. त्यात सराव, शिबिर आणि संघाबरोबरचा प्रवास घालून घ्या, कारण गुडघे बहुतेक सरावातच जातात. उपचाराचा खर्च कोण करणार, शस्त्रक्रियेनंतरची फिजिओथेरपी किती महिने, त्या काळातलं मानधन पूर्ण की अर्धं, हे आकड्यांत लिहिलेलं हवं. करार संपला तरी चालू असलेला उपचार पूर्ण होईपर्यंत खर्च संघाचा, हेही हवं. आणि मुलगा खेळायला तंदुरुस्त आहे की नाही हे एकट्या संघाच्या डॉक्टरने ठरवू नये. तुमच्या पसंतीच्या अस्थिरोगतज्ज्ञाचं दुसरं मत घ्यायची मुभा असावी. विम्याची पॉलिसी दाखवा म्हणावं, नुसतं ‘विमा आहे’ चालणार नाही.

शेवटचा मुद्दा नोकरीचा. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय असं तुम्ही लिहिलंय. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, व्यावसायिक लीगमधलं खेळणं त्यात मोजलं जाईल असं धरून चालू नका. तेव्हा करारात लिहून घ्या की जिल्हा आणि राज्य अजिंक्यपद, निवड चाचणी आणि राष्ट्रीय स्पर्धा यांसाठी संघ त्याला सोडेल, आणि भरतीच्या मैदानी आणि लेखी परीक्षेच्या दिवशी रजा मिळेल, मानधन न कापता. नोकरी लागली आणि खात्याने लीगसाठी ना-हरकत दिली नाही, तर तो करारभंग मानला जाणार नाही, ही ओळही हवी. सध्याच्या मसुद्यात मध्येच करार सोडल्यास दोन वर्षांचं मानधन भरून द्यायचं, असं कलम १४ मध्ये आहे. ती रक्कम न्यायालय जशीच्या तशी लावत नाही, प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच वाजवी भरपाई मिळते, पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मुलाला नोटीस यावी असं तुम्हालाही वाटणार नाही.

तिसरं वर्ष, सामन्यांची संख्या, दुखापत आणि नोकरी, एवढ्या चार जागी लेखी बदल मागा, ईमेलवर, फोनवर नको. यांतली पहिली गोष्ट आणि शेवटच्या दोन, म्हणजे तिसरं वर्ष, दुखापत आणि नोकरी, एवढं मिळालं तरी सही करायला हरकत नाही. सही झाली की दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत त्याच दिवशी हातात घ्या. ‘मुंबईच्या ऑफिसातून कुरिअरने येईल’ म्हणाले, तर येईपर्यंत मुलाला शिबिराला पाठवू नका.